व्हॅनमागे कॅरॅव्हॅन जोडताना: नोजवेटचं गणित आणि पहिल्या प्रवासाची तयारी

"आमची व्हॅन अडीच टन ओढते, मग दीड टनाच्या कॅरॅव्हॅनची काय चिंता?" ब्रिटनमध्ये राहणारे आणि पहिल्यांदाच कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊ पाहणारे मराठी मित्र हा प्रश्न हमखास विचारतात. ओढण्याच्या ताकदीची चिंता खरंच नसते. आजची डिझेल व्हॅन दीड टन सहज खेचते. बघायचं असतं ते मागच्या टो-बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर, कॅरॅव्हॅनचं नाक किती भार टाकतं ते. या भाराला इथे नोजवेट म्हणतात. तो कमी पडला तर मोटरवेवर कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागते. जास्त झाला तर व्हॅनचा मागचा अ‍ॅक्सल दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. आणि हा भार किती असेल हे कुठलाही कारखाना ठरवून देत नाही, ते त्या दिवशी सामान भरणाऱ्याच्या हातात असतं.

गावाकडे बैलगाडी भरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. पोती मागे जास्त पडली की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त पडली की बैलांच्या माना दबतात. म्हणून गाडीवान जड पोती आसाजवळ रचतो आणि भार किंचित पुढे ठेवतो. एका अ‍ॅक्सलची कॅरॅव्हॅन नेमकी याच नियमाने चालते, फक्त ताशी ६० मैलांनी.

पुढचं सगळं ग्रेट ब्रिटनमधल्या नियमांना धरून आहे. ऑस्ट्रेलियात नोजवेट साधारण दहा टक्के धरतात आणि तिथल्या कॅरॅव्हॅनचे ब्रेकही बहुतेक विजेवर चालतात. त्यामुळे मेलबर्नच्या भावाचा सल्ला बर्मिंगहॅममध्ये जसाच्या तसा वापरू नका.

१. परवाना, विमा आणि व्हॅनवरची पाटी

१६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ट्रेलरची वेगळी परीक्षा राहिलेली नाही. मोटारीचा साधा ब्रिटिश परवाना असेल तर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. भारतीय परवान्यावर पहिले १२ महिने इथे मोटार चालवता येते हे खरं, पण कॅरॅव्हॅन ओढण्याचा विचार ब्रिटिश परवाना हातात आल्यावरच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. डावीकडून चालवायची सवय आपल्याला असते, पण इथले गोल चौक आणि मोटरवेवरच्या लेनची शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो.

व्हॅनच्या विमा कंपनीला टो-बार (टो-बॉल ज्यावर बसतो ती मागची चौकट) बसवल्याचं कळवा. व्हॅनच्या विम्यात साधारणपणे ओढत असताना दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई येते, पण कॅरॅव्हॅनचं स्वतःचं नुकसान त्यात येत नाही. तिचा विमा वेगळा काढावा लागतो.

आता व्हॅनचं दार उघडा. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक पाटी असते आणि तिच्यावर वजनाचे चार आकडे एकाखाली एक दिलेले असतात. पहिला आकडा माणसं आणि सामानासकट व्हॅनच्या कमाल वजनाचा, दुसरा व्हॅन आणि ट्रेलर मिळून कमाल वजनाचा. तिसरा पुढच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेचा, चौथा मागच्या. समजा पाटीवर ३०००, ५०००, १५७५ आणि १५७५ असं लिहिलंय. याचा अर्थ व्हॅन पूर्ण भरलेली असताना मागे २००० किलोपेक्षा जास्त चालणार नाही, मग जाहिरातीत २५०० लिहिलेलं असो. दुसरा आकडा पाटीवर नसेलच, तर ती व्हॅन ट्रेलर ओढण्यासाठी मान्य केलेली नाही असं समजा आणि उत्पादकाकडून लेखी खात्री करून घेईपर्यंत टो-बारवर पैसे घालू नका. नोंदणीच्या व्ही५सी कागदावरही ओ.१ या रकान्यात ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा दिलेली असते.

चौथा आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत. व्हॅनवाल्यांनी तोच आधी वाचावा. का, ते पुढे येईलच.

२. कॅरॅव्हॅनची पाटी आणि जोडी जमवणं

कॅरॅव्हॅनच्या दाराजवळही पाटी असते. एमआयआरओ म्हणजे कारखान्यातून निघतानाचं, चालू स्थितीतलं वजन. एमटीपीएलएम म्हणजे सामानासकट कमाल वजन. दोन्हींमधला फरक एवढंच सामान तुम्हाला भरता येतं. १३३० आणि १४८० असे आकडे असतील तर हातात १५० किलो उरतात. ऐकायला भरपूर वाटतं, पण कॅरॅव्हॅन जागेवर हलवण्याची मोटार नंतर बसवलेली असेल तर तिचेच तीस-पस्तीस किलो गेले. बाहेर लावायचा ऑनिंग तंबू पंचवीस किलो. खुर्च्या, टेबल, विजेची लांब वायर, पाण्याचा रिकामा पिंप हे सगळं धरलं की कपडे आणि स्वयंपाकघरासाठी पन्नास-साठ किलोच उरतात.

इथला रूढ सल्ला असा: नवख्याने कॅरॅव्हॅनचं कमाल वजन ओढणाऱ्या गाडीच्या कर्ब वजनाच्या (म्हणजे माणसं-सामान न भरलेल्या गाडीच्या वजनाच्या) ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं आणि अनुभवी माणसानेही १०० टक्के ओलांडू नयेत. हा कायदा नाही, पण पाळावा असा संकेत आहे. व्हॅनचं कर्ब वजन २००० किलो असेल तर ८५ टक्के म्हणजे १७०० किलो, म्हणजे बहुतेक कौटुंबिक कॅरॅव्हॅन त्यात बसतात. इथे व्हॅनचा फायदा आहे. मात्र व्हॅनमध्ये आतून लाकडी फर्निचर, पलंग, जादा बॅटरी बसवून कॅम्पर केलेली असेल तर कागदावरचं वजन विसरा आणि प्रत्यक्ष काट्यावर न्या. इथे बऱ्याच गावांत सार्वजनिक वजनकाटा असतो. दगड-वाळूच्या डेपोवर किंवा भंगाराच्या आवारातही थोडे पैसे देऊन वजन करून मिळतं.

साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीमागे कॅरॅव्हॅनची लांबी ७ मीटरपर्यंत आणि रुंदी २.५५ मीटरपर्यंत असावी लागते. पुढची दांडी त्या लांबीत धरत नाहीत. नेहमीच्या कॅरॅव्हॅन यात बसतात.

३. नोजवेट किती असावं

सामान भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या प्रत्यक्ष वजनाच्या ५ ते ७ टक्के नोजवेट असावं असं इथे सांगतात. वजन १४५० किलो असेल तर ५ टक्के म्हणजे ७२ किलोच्या आसपास आणि ७ टक्के म्हणजे १०१ किलो. या पट्ट्यात खाली राहण्यापेक्षा वर राहावं. सरळ चालण्याच्या दृष्टीने थोडं जड नाक नेहमीच बरं.

पण वरची हद्द टक्केवारीवरून ठरत नाही. तीन ठिकाणी तीन मर्यादा असतात: व्हॅनच्या पुस्तिकेत दिलेली, टो-बारच्या छोट्या पाटीवर 'एस' या अक्षरापुढे लिहिलेली आणि कॅरॅव्हॅनच्या कपलिंगवर (टो-बॉलवर बसणाऱ्या तोंडावर) किंवा दांडीवर दिलेली. तिन्हींपैकी सर्वांत लहान आकडा तुमचा. व्हॅन १२० किलो घेते, टो-बार १२० घेतो, पण कॅरॅव्हॅनचं कपलिंग १०० चं असेल तर मर्यादा १०० च. अशा वेळी वरच्या उदाहरणात ८५ ते ९५ किलोचं लक्ष्य ठेवावं, म्हणजे मोजण्यातल्या चुकीलाही थोडी जागा उरते.

उलटही घडतं. एखाद्या व्हॅनला ७५ किलोच मान्य असतील आणि कॅरॅव्हॅन १६०० किलोची असेल तर ५ टक्क्यांनाच ८० किलो होतात. ही जोडी जमत नाही. नोजवेट जबरदस्तीने कमी करून ती जमवू नका. हलकी कॅरॅव्हॅन बघा.

४. व्हॅनचं मागचं टोक

व्हॅनच्या मागच्या चाकांपासून टो-बॉल बराच लांब असतो. या लांबीमुळे नोजवेटचा परिणाम वाढतो, आणि किती वाढतो ते मोजून बघण्यासारखं आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३ मीटर आणि मागच्या चाकांपासून टो-बॉल १.१ मीटर मागे असं धरू. बॉलवर ९० किलो ठेवले तर मागच्या अ‍ॅक्सलवर ९० नव्हे, सुमारे १२३ किलो वाढतात. वरचे ३३ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात.

याचे तीन परिणाम लक्षात ठेवा.

मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा व्हॅनच्या एकूण मर्यादेच्या आधी संपते. मागच्या सीटवर तिघं, त्यांच्यामागे सायकली आणि शीतपेटी, वर नोजवेट, एवढ्यात चौथा आकडा ओलांडला जाऊ शकतो. म्हणून व्हॅनमधलं जड सामान मागच्या दाराशी न ठेवता सीटच्या पाठीला टेकवून, खाली आणि पट्ट्याने बांधून ठेवा. आणि नोजवेट व्हॅनच्या भारात मोजलं जातं, हे धरूनच पहिल्या आकड्याचा हिशोब करा.

पुढच्या चाकांनी ओढणारी व्हॅन असेल तर ओल्या गवतावर ती जागेवरच चाकं फिरवते, कारण चढावर आणि ओढताना पुढचा भार आणखी घटतो. इंग्लंडातल्या कॅम्पसाइटवर ओलं गवत हे वर्षभराचं वास्तव आहे. जागा आरक्षित करताना पहिल्या वर्षी पक्क्या, खडी घातलेल्या जागेचाच आग्रह धरा. चार पौंड जास्त पडले तरी चालतील.

तिसरा परिणाम स्टिअरिंगवर होतो. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटतं आणि रात्री दिव्यांचा झोत वर उचलला जातो. दिव्यांची उंची कमी करायचं चाक डॅशबोर्डवर असतं, ते वापरा. मागचे स्प्रिंग दबतात म्हणून काही जण हवेच्या पिशव्या किंवा जादा स्प्रिंग बसवतात. त्याने व्हॅन समतल दिसते, चालायलाही बरी वाटते, पण पाटीवरच्या मर्यादा त्याने वाढत नाहीत.

टो-बॉलची उंचीही बघा. भरलेल्या गाडीत जमिनीपासून बॉलच्या मध्यापर्यंत ३५० ते ४२० मिलिमीटर असावेत. व्हॅन उंच असल्याने बॉल वर राहिला तर कॅरॅव्हॅनचं नाक वर जातं आणि मागचं टोक रस्त्याकडे झुकतं. ती समतल किंवा नाक किंचित खाली अशीच चालायला हवी.

५. सामान भरणं

हाच या लेखाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश.

बहुतेक कॅरॅव्हॅनमध्ये अ‍ॅक्सलपासून कपलिंगपर्यंत चार मीटरच्या आसपास अंतर असतं. आपण ४.२ धरू. एखादी वस्तू नोजवेट किती वाढवेल हे काढायचं असेल तर तिचं वजन गुणिले अ‍ॅक्सलपासूनचं अंतर, भागिले ४.२. अ‍ॅक्सलच्या पुढे असेल तर वाढतं, मागे असेल तर तेवढंच घटतं, बरोबर वर असेल तर काहीच फरक नाही. वीस किलोची पेटी अ‍ॅक्सलच्या दीड मीटर मागे आहे, ती उचलून अ‍ॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे ठेवली तर नोजवेट साडेनऊ किलोंनी वाढतं. एका पेटीच्या जागेने एवढा फरक पडतो. पुढच्या खणातल्या सहा किलो प्रोपेनच्या बाटलीतला गॅस संपला की नाक सुमारे पाच किलोंनी हलकं होतं.

म्हणून जड वस्तू खाली आणि अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे ठेवा. आपल्या घरच्या संदर्भात बोलायचं तर कणकेची दहा किलोची पिशवी, तांदूळ, डाळींचे डबे, कुकर, बिडाचा तवा हे सगळं जमिनीवर, चाकांच्या आसपास, न सरकेल अशा रीतीने. डोक्यावरच्या कपाटांत फक्त हलकं: कपडे, टॉवेल, कागदी ताटल्या, पोह्यांचं पाकीट. मध्यम वजनाच्या वस्तू त्यांच्या थोड्या पुढे, हलक्या वस्तू टोकांना.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे नोजवेट अचूक असूनही कॅरॅव्हॅन धोकादायक होते. मागच्या टोकाला चाळीस किलो आणि पुढच्या खणात चाळीस किलो ठेवले तर दोन्ही एकमेकांना तोलतात आणि काटा छान आकडा दाखवतो. पण दोन्ही टोकांना वजन असलेली कॅरॅव्हॅन एकदा बाजूला झुलली की थांबायला वेळ घेते, कारण टोकाला असलेलं वजन झुलण्याला जोर देतं. त्यामुळे मागे सायकलींचा स्टँड लावून पुढे त्याची भरपाई करणं हा उपाय नव्हेच. व्हॅन आहे तर सायकली व्हॅनमध्ये घ्या. ओला ऑनिंगही व्हॅनमध्येच, प्लास्टिकच्या शीटवर. व्हॅन असण्याचा हा खरा फायदा आहे: टोकाचं वजन कॅरॅव्हॅनमधून काढून व्हॅनच्या मध्यभागी आणता येतं. मात्र व्हॅनचे चारही आकडे पुन्हा तपासूनच.

पाण्याच्या टाक्या आणि बाहेरचा पिंप रिकामा करा. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो, आणि अर्धी भरलेली टाकी हिंदकळते ते वेगळंच.

६. मोजणं

नोजवेट अंदाजाने सांगता येत नाही. दांडी हाताने उचलून "सत्तर-ऐंशी असेल" म्हणणारे साइटवर भेटतील, त्यांचं ऐकू नका. नोजवेट मोजायचं साधन स्वस्तात मिळतं. घेताना बीएस ७९६१ या मानकाचं घ्या. नाहीतर न्हाणीघरातला वजनकाटाही चालतो.

समतल, टणक जागा निवडा. सामान प्रवासाला निघायचं तसं पूर्ण भरलेलं हवं, रिकाम्या कॅरॅव्हॅनचं माप काही कामाचं नाही. चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा आणि कोपऱ्यांतले चारही पाय वर घ्या. काट्यावर फळी ठेवा म्हणजे काच फुटत नाही, आणि फळीवर लाकडाचा असा तुकडा उभा धरा की कपलिंग त्यावर टेकल्यावर भरलेल्या व्हॅनच्या टो-बॉलच्या उंचीइतकंच राहील. मग जॉकी व्हील (दांडीला असलेलं वर-खाली होणारं छोटं चाक) हळूहळू वर घ्या, ते जमिनीवरून पूर्ण उचललं जाईपर्यंत. आता सगळा भार काट्यावर आहे. आकडा वाचा, जॉकी व्हील परत खाली सोडा. हे करताना दांडीखाली पाय जाऊ देऊ नका आणि मुलांना लांब ठेवा.

उंचीचा आग्रह उगाच नाही. नाक वर असताना मोजलं तर एक आकडा येतो, खाली असताना दुसरा. मोठ्या वजनकाट्यावर नोजवेट मोजायचा मोह टाळा. तो साधारण वीस-वीस किलोंच्या पायऱ्यांनी दाखवतो. एकूण वजन आणि अ‍ॅक्सलचं वजन यांसाठी मात्र तोच हवा, आणि पहिल्या मोठ्या प्रवासाआधी एकदा तरी जाच. पूर्ण कुटुंब आत बसवून, डिझेल भरून, कॅरॅव्हॅन जोडलेल्या अवस्थेत आधी व्हॅनची फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, मग संपूर्ण जोडी. तीनही पावत्या जपून ठेवा.

७. टायर

कॅरॅव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. महिनोन्‌महिने एका जागी उभे राहून त्यांच्या बाजूच्या भिंतींना भेगा पडतात. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की बदलायचा विचार करा, सातच्या पुढे जाऊ नका, नक्षी कितीही खोल दिसो. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. हवा थंड टायरमध्ये मोजा, आणि व्हॅनच्या मागच्या टायरमध्ये पूर्ण भाराचा दाब भरा, रोजच्या रिकाम्या व्हॅनचा नाही. कॅरॅव्हॅनची चाकं काढून बसवली असतील तर बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला आवळा आणि तीसेक मैलांवर थांबून पुन्हा बघा.

८. जोडणं

क्रम ठरवून घ्या आणि दर वेळी तोच पाळा. कुणी मध्येच गप्पा मारायला आलं तर पहिल्यापासून सुरू करा.

कॅरॅव्हॅनचा हँडब्रेक ओढलेला. व्हॅन मागे घेऊन बॉल कपलिंगच्या बरोबर खाली आणा. जॉकी व्हीलने नाक खाली सोडा, 'खट्' आवाज येईल आणि कपलिंगवरची हिरवी खूण दिसेल. खुणेवर विसंबू नका: जॉकी व्हील उलटं फिरवून नाक उचलायचा प्रयत्न करा. कपलिंग नीट बसलं असेल तर व्हॅनचं मागचं टोकही त्याच्याबरोबर वर येतं. खात्री झाली की जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन घट्ट आवळा आणि मगच स्टॅबिलायझरचा, म्हणजे कॅरॅव्हॅनचं झुलणं आवरणाऱ्या यंत्रणेचा, दांडा खाली दाबा.

अल-को कंपनीच्या एकेएस ३००४ सारख्या घर्षणावर चालणाऱ्या स्टॅबिलायझरला टो-बॉल कोरडा आणि स्वच्छ लागतो. ग्रीस अजिबात नको. नव्या बॉलवरचा रंगही आधी घासून काढावा लागतो. शिवाय याला लांब मानेचा बॉल हवा, आखूड मानेच्या बॉलवर वळताना कपलिंग घासतं. टो-बार बसवून घेतानाच हे सांगा. आणि एक लक्षात असू द्या, की स्टॅबिलायझर चांगल्या भरलेल्या कॅरॅव्हॅनला मदत करतो, उलाळ कॅरॅव्हॅनला तो सावरू शकत नाही.

ब्रेकअवे केबल म्हणजे जोड तुटलाच तर कॅरॅव्हॅनचा ब्रेक ओढणारी तार. ती टो-बारवरच्या खास कडीत अडकवा, जॉकी व्हीलला चुकून वेढा पडलेला नाही हे बघा. वळताना ती ताणली जाऊ नये आणि रस्त्यावर घासू नये. मग १३ पिनांचा प्लग. दिवे, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर घरच्या माणसाला मागे उभं करून तपासा. मागे व्हॅनच्याच क्रमांकाची पाटी हवी. व्हॅनमध्ये ट्रेलर सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर ती साध्या वायरिंगवर जागी होत नाही. त्या मॉडेलसाठीचंच वायरिंग आणि ते व्हॅनच्या संगणकात नोंदवणं, दोन्ही करून घ्या.

शेवटी एक फेरी: चारही पाय वर, छताच्या खिडक्या बंद, गॅस बाटलीपाशी बंद, फ्रिजचं दार अडकवलेलं, पायरी आत, उट्या काढलेल्या, हँडब्रेक सोडलेला. मुलांना कॅरॅव्हॅनमध्ये झोपू द्यायचा प्रश्नच नाही. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणीही बसणं इथे बेकायदा आहे.

९. आरसे

व्हॅनचे आरसे मोठे असतात म्हणून ते पुरतील असं वाटतं. कॅरॅव्हॅन व्हॅनपेक्षा रुंद असेल तर सहसा पुरत नाहीत. कॅरॅव्हॅनच्या दोन्ही कडांच्या बाहेर, चालकाच्या २० मीटर मागे, ४ मीटर रुंदीचा रस्ता दिसायला हवा. दिसत नसेल तर जोडआरसे लावा. न लावल्यास १००० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ गुण पडू शकतात. घेताना तुमच्या व्हॅनच्या आरशावर प्रत्यक्ष लावून बघा. मोटारीसाठीचे क्लॅम्प व्हॅनच्या उंच आरशावर बऱ्याचदा पकडत नाहीत.

१०. रस्त्यावर

वेगमर्यादा: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५० मैल, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर ६०. वस्तीतली मर्यादा सगळ्यांसाठी तीच, वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून बहुतेक वस्त्यांत ती २० आहे. तीन किंवा अधिक लेनच्या मोटरवेवर अगदी उजवी लेन तुम्हाला बंद. पहिले काही प्रवास ५०-५५ वरच करावेत. झुलण्याचा धोका वेगाबरोबर वाढत जातो.

रस्ता आधी नकाशावर बघून ठेवा, मोटारीच्या सॅटनॅववर सोडू नका. यॉर्कशरमध्ये थर्स्कजवळ ए १७० वरचा सटन बँक हा २५ टक्क्यांचा चढ कॅरॅव्हॅनना बंदच आहे. लेक डिस्ट्रिक्टमधले हार्डनॉट आणि राइनोज घाट अरुंद आणि भलतेच खडे आहेत, तिकडे वळूच नका. सॉमरसेटमध्ये ए ३९ वरच्या पोरलॉक हिलला टोलचा सौम्य पर्यायी रस्ता आहे. वाऱ्याच्या दिवशी एम ४८ वरचा जुना सेव्हर्न पूल कधीकधी बंद करावा लागतो. तसा वारा असेल तर मुक्काम एक दिवस वाढवावा. साइटवाले अशा वेळी समजून घेतात.

मोठा ट्रक किंवा बस शेजारून जाताना आधी कॅरॅव्हॅन बाजूला ढकलल्यासारखी वाटते, मग ओढल्यासारखी. आरशात तो येताना दिसला की लेनमध्ये थोडं डावीकडे राहा आणि स्टिअरिंग स्थिर धरा. उतारावर आधीच खालच्या गिअरमध्ये जा.

तरीही शेपूट झुलू लागली, तर अ‍ॅक्सलरेटरवरून पाय सावकाश उचला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि वेग आपसूक उतरू द्या. जोरात ब्रेक मारू नका. झोक्याच्या उलट दिशेला स्टिअरिंग फिरवू नका, आपली हालचाल नेहमी झोक्यामागून येते आणि त्यालाच जोर देते. वेग वाढवून ती सरळ होईल हा सल्ला अजून ऐकू येतो. तो धोक्याचा आहे. सावरल्यावर पहिल्या सर्व्हिस स्टेशनला थांबा, टायरची हवा आणि सामान बघा, मागचं जड ते पुढे आणा. एकदा झुललेली कॅरॅव्हॅन सामान न बदलता पुन्हा त्याच वेगाने नेऊ नका.

११. मागे घेणं आणि मुक्काम

हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. कॅरॅव्हॅनचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचंय त्या बाजूला हात हलवा. सुरुवातीला हालचाल अगदी थोडी, आणि कोन वाढू लागला की लगेच पुढे घेऊन सरळ करा. व्हॅनच्या मागच्या खिडकीतून कॅरॅव्हॅनखेरीज काहीच दिसत नाही, म्हणून बाहेर एक माणूस उभा हवा. तो तुम्हाला आरशात दिसत नसेल तर थांबायचं, असं आधीच ठरवून घ्या. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या आवारात, मालकाची परवानगी घेऊन, दोन तास सराव केला की बरीच भीती जाते. कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब आणि कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब हे दोन्ही क्लब यासाठी प्रशिक्षण घेतात. पैसे सार्थकी लागतात.

साइटवर सोडताना क्रम उलटा: हँडब्रेक, उटी, प्लग, केबल, स्टॅबिलायझर, मग जॉकी व्हील आणि कपलिंग. कॅरॅव्हॅन समतल झाल्यावरच कोपऱ्यांतले पाय खाली करा. ते हलू न देण्यासाठी आहेत, उचलण्यासाठी नाहीत. चाक बदलायला त्यांचा जॅक म्हणून वापर केला तर चासी वाकते.

परतीच्या सकाळी नोजवेट पुन्हा मोजा. कणीक-तांदूळ संपलेले असतात, गॅस उतरलेला असतो, ऑनिंग पावसाने भिजून कित्येक किलोंनी जड झालेला असतो आणि मुलांनी समुद्रावरचे गोटे भरलेली बादली कुठल्या तरी मागच्या कपाटात सरकवलेली असते. येतानाचा ९० चा आकडा जाताना ६५ वर आलेला असू शकतो. पंधरा मिनिटं लागतात, ती तंबू गुंडाळण्याच्या वेळातच धरून ठेवा.